तीस वर्षं, एक आकडा : डायान ॲबट यांचं २०१७ मधलं प्रकरण

प्रकरण अभ्यासात नावं झाकायचा रिवाज आहे. त्यानुसार मुलाखत घेणाऱ्यांची, मथळे देणाऱ्यांची आणि शिव्या घालणाऱ्यांची नावं मी गाळली आहेत. त्यांच्या जागी दुसरे असते तरी फारसं वेगळं घडलं नसतं. मुख्य व्यक्तीचं नाव मात्र झाकण्यात अर्थ नाही. ब्रिटिश संसदेवर निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, एवढं म्हटलं की ते उघडं पडतंच.

काळ जेमतेम सव्वापाच आठवड्यांचा आहे, २ मे ते ८ जून २०१७. पत्रकारितेच्या वर्गात मी या प्रकरणाची सुरुवात एका रेडिओ मुलाखतीच्या तुकड्याने करते. मुलं हसतात. मग मी विचारते, बाईंना मूळ प्रश्न कशाबद्दल होता? सहसा कोणालाच सांगता येत नाही.

पार्श्वभूमी

ॲबट यांचा जन्म १९५३ चा, लंडनमधला. आईवडील जमैकाहून आलेले. आई परिचारिका, वडील वेल्डर. मुलगी हुशार निघाली, केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात इतिहास शिकली. जून १९८७ मध्ये मजूर पक्षाच्या तिकिटावर हॅकनी नॉर्थ अँड स्टोक न्यूइंग्टन या लंडनच्या मतदारसंघातून त्या निवडून आल्या. त्याच निवडणुकीत बर्नी ग्रांट, पॉल बोटेंग आणि कीथ वाझ हेही जिंकले, पण त्या चौघांत स्त्री एकटी. दुसरी कृष्णवर्णीय स्त्री सभागृहात यायला १९९७ उजाडलं. म्हणजे दहा वर्षं, कोणत्याही वर्तमानपत्राला 'कृष्णवर्णीय महिला खासदार' असं चित्र काढायचं झालं तर समोर मॉडेल एकच होतं.

त्या साध्यासुध्या, निर्दोष वगैरे होत्या असा माझा दावा नाही. मुलांना निवडक प्रवेश देणाऱ्या शाळांत घालणाऱ्या सहकाऱ्यांवर त्यांनी टीका केली आणि २००३ मध्ये स्वतःच्या मुलाला तर खासगी शाळेत घातलं. या निर्णयाचं समर्थन करता येणार नाही, हे नंतर त्यांनीच मान्य केलं. त्या पक्षाच्या डाव्या गटातल्या, २०१५ मध्ये पक्षनेते झालेल्या जेरेमी कॉर्बिन यांच्या जुन्या मैत्रीण आणि सहकारी. पक्षातल्याही अनेकांना त्या नकोशा होत्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये कॉर्बिन यांनी त्यांना छाया गृहमंत्री केलं. विरोधी पक्ष सत्तेवर आला तर पोलीस, दहशतवादविरोध आणि स्थलांतर ही खाती जिच्या हाती जाणार, ती ही जागा. त्यामुळे त्यांना कडक प्रश्न विचारणं हे माध्यमांचं कामच होतं.

एक छोटी घटना आधी नोंदवून ठेवायला हवी. १ फेब्रुवारी २०१७ रोजी ब्रेक्झिट विधेयकावरच्या मतदानाला ॲबट गैरहजर राहिल्या. कारण दिलं अर्धशिशीचं. लगेच 'ब्रेक्झिट फ्लू' असा शब्द चालला. आजारपण खरं की सोयीचं, हा प्रश्न त्यांच्या नावाला तेव्हापासून चिकटला. पुढे जूनमध्ये तो फार महागात पडला.

काय घडलं

१८ एप्रिलला मुदतपूर्व निवडणूक जाहीर झाली. मजूर पक्षाने दहा हजार नवे पोलीस भरण्याचं आश्वासन दिलं. मुद्दा पोकळ नव्हता. २०१० पासून इंग्लंड आणि वेल्समधलं पोलीसबळ सुमारे वीस हजारांनी घटलं होतं आणि त्यांतली सहा वर्षं गृहमंत्री होत्या थेरेसा मे, म्हणजे तेव्हाच्या पंतप्रधान.

२ मेच्या सकाळी ॲबट एकामागून एक मुलाखती देत होत्या. लंडनच्या एका रेडिओ केंद्रावर त्यांना विचारलं गेलं, दहा हजार पोलिसांचा खर्च किती? त्या म्हणाल्या, सुमारे तीन लाख पौंड. डोई तीस पौंड पडत होते. पगार काय देणार आहात त्यांना, असं मुलाखतकाराने विचारलं. त्या सावरायला गेल्या आणि आणखी रुतल्या. आकडा आठ कोटींवर गेला. पोलिसांची संख्याही चुकली, मध्येच अडीच लाख झाली. कागद चाळल्याचा आवाज फितीत स्पष्ट ऐकू येतो. शेवटी कागद सापडला आणि त्यांनी वर्षवार आकडे वाचून दाखवले, वाढत वाढत चौथ्या वर्षी सुमारे तीस कोटी पौंडांपर्यंत जाणारे.

तीस कोटी म्हणजे इंग्रजीत तीनशे दशलक्ष. तोंडून निघालं होतं तीनशे हजार. तीनशे बरोबर होते, त्यामागचा शब्द चुकला. ही चूक लहान ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. गृहखातं मागणाऱ्या माणसाने प्रमुख आश्वासनाचा खर्च तोंडपाठ ठेवायला हवा, आणि जीभ घसरल्यावर पुढची दोन मिनिटं अंदाजपंचे बोलणं ही त्या घसरण्याहून मोठी चूक. पण जीभ घसरणं वेगळं आणि धोरणाचा हिशेबच नसणं वेगळं. नंतरच्या चर्चेत हा फरक जवळजवळ कोणी केला नाही.

तीन दिवसांनी, ५ मे रोजी, स्थानिक निवडणुकांचे निकाल येत असताना टीव्हीवर त्यांनी पक्षाने गमावलेल्या जागा पन्नासच्या आसपास सांगितल्या. पत्रकाराने १२५ चा आकडा पुढे केला. २८ मे रोजी रविवारच्या राजकीय कार्यक्रमात आयरिश प्रश्नावरच्या, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळं करण्याच्या वादावरच्या, त्यांच्या जुन्या विधानांबद्दल विचारलं गेलं. प्रश्न रास्त होता. उत्तरात त्या म्हणाल्या की तेव्हा माझे केस आफ्रो पद्धतीचे होते, आता केशरचनाही ती नाही आणि मतंही ती नाहीत. चर्चा झाली ती केसांची.

मधल्या काळात २२ मे रोजी मँचेस्टरमध्ये आणि ३ जून रोजी लंडन ब्रिजवर हल्ले झाले, आणि पोलीस कपात हाच प्रचाराचा मुख्य मुद्दा बनला. ५ जूनला एका वाहिनीवर ॲबट यांना लंडनच्या दहशतवादविरोधी तयारीवरच्या लॉर्ड हॅरिस यांच्या अहवालाबद्दल विचारलं. अहवालात शंभराहून अधिक शिफारशी होत्या. तुम्हाला कोणती महत्त्वाची वाटली, या प्रश्नावर त्यांना एकही सांगता आली नाही. ६ जूनला महिलांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात गृहमंत्री अँबर रड यांच्यासमोर त्या येणार होत्या, आल्या नाहीत. ७ जूनला, मतदानाच्या आदल्या दिवशी, प्रकृतीच्या कारणाने त्यांच्या जागी तात्पुरत्या लिन ब्राउन आल्याचं पक्षाने जाहीर केलं.

पेच

इथवरचा हिशेब मांडला तर ॲबट यांचे तीन वाईट प्रसंग हाती लागतात. त्यांची बातमी होणं योग्यच होतं. पेच प्रमाणाचा आहे.

त्याच प्रचारात, मेच्या मध्याला, अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी रेडिओवर एचएस-२ या अतिवेगवान रेल्वेचा खर्च सांगताना सुमारे दोन हजार कोटी पौंडांची चूक केली. देशाच्या तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याची ही चूक. बातमी झाली, टिंगलही झाली, आणि ती तिथेच राहिली. हॅमंड यांना हिशेब येत नाही, असा निष्कर्ष कोणी काढला नाही. ३० मे रोजी खुद्द कॉर्बिन यांना बालसंगोपनाच्या योजनेचा खर्च आठवेना. ते आयपॅड चाळत राहिले. त्या दिवशी गलिच्छ शिवीगाळ झाली ती प्रश्न विचारणाऱ्या ज्यू निवेदिकेला. चूक पुरुषाची असो नाही तर बाईची, जाळ कोणाच्या पदराला लागतो ते पाहावं.

तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. हॅमंड यांची चूक एकदाच झाली आणि ते चाचपडताना ऐकू आले नाहीत. ॲबट यांच्या चुका तीन, आणि पहिली तर ऐकवत नाही इतकी अवघडलेली. तरीही हॅमंड यांची चूक बातमीत मावली आणि ॲबट यांच्या चुकीने आधीपासून तयार असलेल्या साच्यात उडी घेतली. बाई कुवतीपेक्षा वर पोचली आहे, कोणाच्या तरी मेहेरबानीने पोचली आहे, हा तो साचा. केंब्रिजची पदवी आणि तीस वर्षांची खासदारकी त्याला तडा देऊ शकली नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने तर प्रचारात त्यांचा चेहराच वापरला. उमेदवार त्या हॅकनीत होत्या, पण भीती सगळ्या देशाला त्यांची घातली गेली.

शिवीगाळीचं मोजमाप नंतर झालं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १ जानेवारी ते ८ जून २०१७ या काळात १७७ महिला खासदारांना उद्देशून आलेले ९,००,२२३ ट्वीट तपासले. त्यांतले २५,६८८ शिवराळ निघाले. मतदानाआधीच्या सहा आठवड्यांत महिला खासदारांच्या वाट्याला आलेल्या एकूण शिवराळ ट्वीटपैकी ४५.१४ टक्के एकट्या ॲबट यांना होते. त्यांना हिशेबातून वगळलं तरीही कृष्णवर्णीय आणि आशियाई महिला खासदारांना गोऱ्या महिला खासदारांपेक्षा ३५ टक्के अधिक शिव्या मिळाल्या होत्या. या पाहणीत पुरुष खासदार नव्हते आणि ट्विटरखेरीज दुसरं माध्यमही नव्हतं, त्यामुळे तिच्यावरून सगळं सिद्ध होतं असं नाही. पण निव्वळ चुकीवरचा राग असता तर तो वंशाचा, अंगयष्टीचा आणि बलात्काराच्या धमक्यांचा का झाला, याचं उत्तर चुकीत सापडत नाही.

समोर असलेले पर्याय

ॲबट यांच्यापुढे २ मेच्या दुपारी दोन वाटा होत्या. काही दिवस पडद्याआड जायचं, किंवा बोलताना चुकलं असं मान्य करून पुढे चालू लागायचं. त्यांनी दुसरी वाट धरली. सकाळपासूनची ती सातवी मुलाखत होती आणि बोलताना चूक झाली, एवढं त्यांनी सांगितलं. माझ्या मते निर्णय बरोबर होता; पडद्याआड गेल्या असत्या तर पळाल्या म्हटलं गेलं असतं. अडचण वेगळीच होती, आणि ती बाहेर कोणालाच माहीत नव्हती. त्यांना टाइप टू मधुमेह होता, दोन वर्षांपूर्वी निदान झालेला. लागोपाठ सहासात मुलाखती, मध्ये पोटात काही नाही, आणि साखर ताब्याबाहेर.

हे तेव्हाच सांगायचं का? फेब्रुवारीतली अर्धशिशी आठवा. मेमध्ये 'मला मधुमेह आहे' म्हणणारी बाई सबब सांगते आहे, असाच गवगवा झाला असता. शिवाय आजारी माणूस गृहखातं कसं सांभाळणार, हा प्रश्न आलाच असता. सांगितलं तर दुबळी, न सांगितलं तर मूर्ख. त्यांनी न सांगणं निवडलं. ते चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण या निर्णयामुळे ७ जूनची घोषणा थेट अविश्वासात जाऊन पडली, हेही खरं.

पक्षाकडे जास्त पर्याय होते. मुलाखतींचा मारा कमी करता आला असता, आकड्यांचा एकपानी कागद हातात देता आला असता, सोबत कोणी तरी बसवता आलं असतं. जो पक्ष आपल्या छाया गृहमंत्र्याला एका सकाळी सात स्टुडिओंतून फिरवतो त्याने निदान मध्ये जेवायची सोय करावी, ही काही राजकीय डावपेचांची बाब नाही.

वृत्तकक्षांपुढचा पर्याय सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित होता, तो म्हणजे बातमी कधी थांबवायची. डेस्कवर काम केलेल्याला हे ठाऊक असतं. चाललेली बातमी आणखी चालवावी लागत नाही, ती आपसूक चालते. पुढचा माणूस मागच्याचा मथळा बघून मथळा देतो. पोलिसांवरची प्रत्येक बातमी 'त्या' मुलाखतीच्या ओळीने संपवायची की नाही, हे कोणी बैठक घेऊन ठरवत नाही. आधीच्या मजकुरातून ती ओळ उचलली जाते आणि राहते.

प्रत्यक्षात काय झालं आणि निकाल

८ जूनला मतदान झालं. हॅकनीने ॲबट यांना ४२,२६५ मतं दिली, सुमारे ७५ टक्के. २०१५ मध्ये मताधिक्य २४,००८ होतं, ते ३५,१३९ वर गेलं. देशात मजूर पक्षाचा धुव्वा उडेल अशी भाकितं होती; प्रत्यक्षात मे यांचं बहुमत गेलं. नंतरच्या आठवड्यात ॲबट यांनी एका वृत्तपत्राला मधुमेहाबद्दल सविस्तर सांगितलं आणि महिना संपायच्या आत त्या कामावर परतल्या.

जुलैत संसदेतल्या चर्चेत त्यांनी उमेदवारांना होणाऱ्या शिवीगाळीबद्दल भाषण केलं. त्यांतला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. तीस वर्षांपूर्वी खासदाराला शिव्या द्यायच्या तर पत्र लिहावं लागे, बहुतेक हिरव्या शाईने. पाकिटात घालावं लागे, तिकीट चिकटवावं लागे, पेटीपर्यंत चालत जावं लागे. आता बटण दाबलं की झालं. स्वतःला आलेले काही शब्दही त्यांनी सभागृहात वाचून दाखवले. मी ते इथे देत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये विंडरश प्रकरण पेटलं. दशकानुदशकं ब्रिटनमध्ये राहिलेल्या कॅरिबियन वंशाच्या लोकांना बेकायदा ठरवून छळल्याचं ते प्रकरण. ॲबट यांनी गृहखात्याला धारेवर धरलं आणि महिन्याच्या अखेरीला अँबर रड यांनी राजीनामा दिला. हद्दपारीच्या उद्दिष्टांबद्दल संसदीय समितीला चुकीची माहिती दिल्याची कबुली त्यात होती. म्हणजे आकड्यांवरून खरोखर खुर्ची गेली ती रड यांची. आकडे न येणारी बाई म्हणून आजही नाव निघतं ते ॲबट यांचं. मार्च २०१९ मध्ये ॲबट यांना होणाऱ्या शिवीगाळीबद्दल सहानुभूतीने बोलताना रड यांनीच त्यांना 'कलर्ड' म्हटलं आणि माफी मागितली.

साचा किती पक्का बसला होता ते जानेवारी २०१९ मध्ये दिसलं. बीबीसीच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात ॲबट म्हणाल्या की जनमत चाचण्यांत दोन्ही पक्ष बरोबरीत आहेत. दुसऱ्या पाहुण्या बाईंनी ते खोडून काढलं आणि सूत्रसंचालिकेने त्यांना दुजोरा दिला. नंतर बीबीसीने मान्य केलं की काही चाचण्यांत मजूर पक्ष बरोबरीत किंवा पुढेही होता आणि तसं स्पष्ट सांगायला हवं होतं. एव्हाना त्यांच्या तोंडचा आकडा चुकीचाच असणार, हे गृहीत धरलं गेलं होतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तर तासात विरोधी बाकावरून आघाडी सांभाळणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय खासदार ठरल्या. एप्रिल २०२३ मध्ये ज्यू, आयरिश आणि भटक्या समाजांना सोसाव्या लागणाऱ्या वंशद्वेषाला कमी लेखणारं पत्र त्यांनी वृत्तपत्राला लिहिलं, माफी मागितली, पण पक्षाने निलंबित केलं. ती टीका त्यांनी स्वतः ओढवून घेतली होती आणि तिला अन्याय म्हणण्याचं कारण नाही. मार्च २०२४ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या एका बड्या देणगीदाराने त्यांना गोळी घालायला हवी असं पूर्वी म्हटल्याचं उघड झालं. १३ मार्चला सभागृहात त्यावर बरीच खडाजंगी झाली. ॲबट तिथेच होत्या. बोलण्यासाठी त्या ४६ वेळा उभ्या राहिल्या. सभापतींनी त्यांचं नाव पुकारलं नाही. वेळ संपला, असं कारण दिलं गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

ॲबट यांच्या बाजूने एकच गोष्ट मी आग्रहाने सांगेन. आकडा आठवत नसेल तर 'कागद बघून सांगते' म्हणावं. तीन सेकंदांची शांतता परवडते. पण हा सल्ला मी हॅमंड यांनाही देईन आणि कॉर्बिन यांनाही.

संपादकांसाठी माझा मुद्दा किचकट आहे. चूक दाखवूच नका असं कोणी म्हणालं तर मी विरोध करेन; कृष्णवर्णीय स्त्री आहे म्हणून तिला कडक प्रश्नांतून सवलत देणं हाही अपमानच. करता येण्याजोगं काम साधं आहे. एखाद्या नेत्याची जुनी चूक नव्या बातमीत पार्श्वभूमी म्हणून जोडताना, तशीच चूक केलेल्या दुसऱ्या नेत्याच्या बातमीत ती जोडली जाते का, हे जुनं कात्रण काढून बघावं. पाच मिनिटं लागतात. एका वृत्तपत्रात डेस्कवर असताना मी हे एकदा सुचवलं होतं. 'आधी अंक जाऊ दे' असं उत्तर मिळालं.

राहिला माझा वर्ग. हे प्रकरण लिहिण्यासाठी मी मुलाखतीची पूर्ण फीत पुन्हा ऐकली. त्यात शेवटी बाई बरोबर आकडे वाचून दाखवतात, हे मी वर लिहिलंच आहे. मी इतकी वर्षं मुलांना ऐकवत होते तो तुकडा मीच केव्हा तरी कापून ठेवला होता, आणि तो कागदांच्या खसखसाटावरच संपतो. पुढच्या बॅचसाठी तो काढून टाकला आहे.